नवशिक्यांचा रंगसंच पैसे वसूल करतो का?

टेबलटॉप मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या खेळांतल्या चिमुकल्या मूर्ती, रंगवण्यासाठी तयार संच घ्यावा की सुटे रंग, असा तुमचा प्रश्न. संच घ्या, पण खोक्यावरच्या बाटल्या मोजू नका, मिली मोजा. सिटाडेल या ब्रँडची नेहमीची डबी 12 मिलीची, व्हॅलेहो या ब्रँडची ड्रॉपर बाटली 17-18ची. किंमत भागिले मिली केलं की 'स्वस्त' संच कधी कधी महाग निघतो.

काळा, पांढरा, तपकिरी, एक धातूचा आणि गडद वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) एवढं हवंच. वॉश नसेल तर तो संच सोडाच. पातळ वॉश फिरवला की तो आपोआप खाचांत उतरतो आणि चिलखताची एकेक कडी उठून दिसते. नवशिक्याला एवढं फुकटात दुसरं काही देत नाही. सोबतच्या ब्रशची किंमत शून्य धरा. माझा तिसऱ्या दिवशी केरसुणी झाला होता!

सरावाला माळ्यावरचे दिवाळीच्या किल्ल्यातले मावळे काढा. आधी प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारा, नाहीतर माती रंग पिते. आणि स्प्रे प्रायमर बेळगावच्या पावसात नको, दमट हवेत पृष्ठभाग खरखरीत होतो.