निवृत्तीची कामं : कोणतं आत्ता, कोणतं शेवटी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

निवृत्तीला अजून ३५ वर्षं आहेत, आत्तापासून तिचा घोर कशाला, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. पण निवृत्तीच्या प्रत्येक कामाची आपली वेळ ठरलेली असते. काही कामं पंचविशीतच स्वस्तात होतात, काही शेवटच्या वर्षाआधी करताच येत नाहीत. गडबड होते ती पंचविशीतली कामं अठ्ठावन्नाव्या वर्षी काढली की. म्हणून कोणतं काम कधी, एवढंच सांगतो. पत्र जरा लांबेल.

आधी वयाचं. साठ म्हण, पासष्ट म्हण, हा आकडा कारभाराच्या सोयीचा आहे. १८८९ मध्ये चान्सेलर बिस्मार्कच्या जर्मनीने वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा त्यात वय ७० होतं. १९१६ मध्ये ते ६५ झालं. त्या काळी तिथवर पोचणारेच थोडे. आता निवृत्तीनंतर २५-३० वर्षं जगणं हे नवल राहिलेलं नाही. म्हणजे ३५ वर्षांच्या कमाईत तुला ६५ वर्षं काढायची आहेत. जोडीदार असेल तर दोघांत जे वयाने लहान, त्याच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंतचा हिशेब धरायचा. स्वतःच्या आयुष्याचा अंदाज माणूस नेहमी कमीच बांधतो, आणि हिशेब चुकतो तो इथेच.

पैशाकडे येऊ. पगाराच्या ७० किंवा ८० टक्के लागतात असा एक ठोकताळा तुझ्या कानावर येईल. तो सोडून दे. दोघांना सारखाच पगार असला तरी एकाचं निम्म्यात भागतं आणि दुसऱ्याला पुरा पडत नाही. मोजायचा तो खर्च, आणि त्याला वही हाच उपाय आहे. सलग १२ महिने लिही. मोबाइलवर लिहिलंस तरी चालेल, पण रोजच्या रोज लिही. आठवड्याने आठवून लिहिलेल्या हिशेबातून किरकोळ खर्च गळतात, आणि किरकोळ खर्चच जास्त असतात.

वर्ष भरलं की खर्च कप्प्यांत टाक. पहिल्यात नोकरीबरोबर संपणारे: येण्याजाण्याचा खर्च, कामाचे कपडे, बाहेरचं खाणं, कर्जाचा हप्ता, आणि खुद्द निवृत्तीसाठी बाजूला टाकलेली रक्कम. दुसऱ्यात तसेच राहणारे. तिसऱ्यात वाढणारे: औषधपाणी, दिवसभर घरात असल्याने वाढणारी वीज, सुरुवातीच्या पाच-सात वर्षांतला प्रवास. चौथा कप्पा वर्षाआड, दहा वर्षांआड येणाऱ्या खर्चांचा. हा जवळजवळ प्रत्येक वहीत रिकामा असतो. समज, तुझा नेहमीचा महिना १०० चा आहे, म्हणजे वर्षाचे १२००. गाडी १००० ची आणि ती १० वर्षं चालते, तर तिचे वर्षाला १०० झाले. एका वस्तूने वर्षाचे बारा महिने तेरा केले! फ्रीज, छताची दुरुस्ती, रंग, चष्मा, दातांचं काम, पुढे कानाचं यंत्र, सगळ्यांना हाच नियम: किंमत भागिले टिकण्याची वर्षं. नेहमीच्या महिन्याला १२ ने गुणून मोकळे होणारे पुढे दर दोन वर्षांनी मुद्दल मोडतात आणि ‘अचानक खर्च आला’ म्हणतात. छत गळणार हे छत घातलं त्याच दिवशी ठरलेलं असतं.

आता महागाई. ७२ ला महागाईच्या दराने भाग, किती वर्षांत खर्च दुप्पट होईल ते कळतं. ६ टक्क्यांनी १२ वर्षं. आजचे १०० बारा वर्षांनी २००, चोवीस वर्षांनी ४००, तिसाव्या वर्षी सुमारे ५७४. म्हणून पेन्शन किती, याच्या बरोबरीने विचारायचं की ते महागाईप्रमाणे वाढतं का. ठरलेली रक्कम आयुष्यभर तेवढीच मिळणार असेल, तर पहिल्या वर्षी पुरून उरणारं पेन्शन बाराव्या वर्षी अर्ध्या किमतीचं होतं.

पुंजी किती हवी, याला एक वापरात असलेलं माप आहे. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये जुने आकडे तपासून दाखवलं की शेअर आणि सरकारी रोखे साधारण निम्मे-निम्मे ठेवून पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढले, आणि पुढे ती रक्कम दरवर्षी महागाईइतकी वाढवत नेली, तर तिथल्या बाजाराच्या वाईटातल्या वाईट काळातही पुंजी ३० वर्षं पुरली. चार टक्के म्हणजे वार्षिक तुटीच्या, म्हणजे खर्च वजा पेन्शनच्या, २५ पट. वरच्या उदाहरणात वर्षाचा खर्च १३०० आणि पेन्शन ५००, तर तूट ८००, आणि पुंजी २०,०००. हे आकडे एका देशाच्या एका बाजाराचे आहेत, म्हणून मी ते काठोकाठ वापरणार नाही. साडेतीन टक्के धरले तर २८-२९ पट लागतात. उशिरापर्यंत जगणाऱ्यांच्या घरात तेच धरावं.

एवढी रक्कम ऐकून छाती दडपते, पण तुझ्या हातात वेळ आहे. महागाई वजा जाता ३ टक्के वाढ धर. दरवर्षी १ याप्रमाणे पंचविशीपासून साठीपर्यंत टाकलेस तर ३५ चे सुमारे ६० होतात. चाळिशीला सुरू करणाऱ्याने २० टाकले तर २७. तुझ्याएवढं गाठायला त्याला दरवर्षी सव्वादोन पट टाकावं लागेल, तेही मुलांची शिक्षणं आणि घराचा हप्ता ऐन भरात असताना. बचत जमण्याची एकच पद्धत टिकते: पगारवाढ झाली की तिचा निम्मा भाग पहिल्याच महिन्यापासून आपोआप बाजूला जाऊ दे. जी रक्कम हातात आलीच नाही तिची सवय लागत नाही. आणि नोकरी बदलताना जुन्या निवृत्ती खात्यातले पैसे काढून खर्चू नकोस, नव्या खात्यात वळव. अठ्ठाविसाव्या वर्षी काढलेला १ म्हणजे साठीतले अडीच, तेही महागाई वगळून.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे. तरीही ते याच वयात करायचं. तुझं नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर अक्षरशः एकसारखी आहेत का ते बघ. एका ठिकाणी मधलं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. एकीकडे दिवस आधी, दुसरीकडे महिना आधी. आज हे एका अर्जाने दुरुस्त होतं. तीस वर्षांनी, ज्या संस्थेने पहिली नोंद केली ती बंद पडलेली असते आणि पेन्शन अडकतं. प्रत्येक नोकरीचं नेमणूकपत्र, सोडल्याचा दाखला आणि खात्याचा क्रमांक एका फाइलीत ठेव. नॉमिनीचं नाव लग्न, मूल, मृत्यू, घटस्फोट या प्रत्येक वेळी तपास. हयात नसलेल्या आईवडिलांचं किंवा आधीच्या जोडीदाराचं नाव तसंच राहून गेलेलं असणं ही नेहमीची चूक आहे, आणि ती उघडकीला येते तेव्हा दुरुस्त करणारा उरलेला नसतो.

शेवटची पाच वर्षं निराळी. तोवर जमवायचं असतं, आता जपायचं. शेअर बाजार पडणं तुला तिशीत फायद्याचं असतं, कारण तेव्हा स्वस्तात घेता येतं; निवृत्तीच्या दाराशी ते घातक. का, ते आकड्यांनीच बघ. दोघांकडे १०० आहेत आणि दोघे दर वर्षाच्या सुरुवातीला ६ काढतात. पहिल्याला बाजार पहिल्या वर्षी उणे २० टक्के देतो, मग शून्य, मग ३० टक्के. दुसऱ्याला तेच उलट क्रमाने: ३०, शून्य, उणे २०. काहीच काढलं नसतं तर दोघांचे तीन वर्षांनी १०४ झाले असते. पैसे काढल्यावर पहिल्याकडे ८२.१६ उरतात, दुसऱ्याकडे ८८.१६. फरक ६, म्हणजे पुरा एका वर्षाचा खर्च, निव्वळ क्रमामुळे. पहिल्याला पडलेल्या भावात विकावं लागलं म्हणून. यावर इलाज म्हणजे निवृत्तीच्या दिवशी दोन ते तीन वर्षांची तूट भागेल एवढी रक्कम बाजाराबाहेर, मुदत ठेवीसारख्या जागी असणं. ती एका दमात काढू नये. शेवटच्या पाच वर्षांत दरवर्षी थोडी वळवावी. शिवाय शेवटचा पगार आणि पहिलं पेन्शन यांत कागदपत्रांमुळे काही महिने जाऊ शकतात, म्हणून सहा महिन्यांचा खर्च हाताशी रोख. कर्जाचा शेवटचा हप्ता निवृत्तीच्या दोन वर्षं आधी संपेल अशी मुदत कर्ज घेतानाच ठरवायची असते, म्हणजे हेही तुझ्याच वयातलं काम निघालं.

आरोग्य विमा नोकरीतला असेल तर तो बहुधा नोकरीबरोबर संपतो. साठीत नवा घ्यायला गेलं की जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागतो, म्हणजे तोवर त्यांचा खर्च मिळत नाही, हप्ता चढा असतो किंवा नकारच मिळतो. स्वतःचा विमा धडधाकट असताना, चाळिशीच्या आत घे. दातांची, डोळ्यांची रखडलेली कामं शेवटच्या वर्षी, विमा चालू असताना उरकून घ्यायची. शरीराबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं माप सोपं आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं थोडा दम लागेल असा मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, पासष्टीनंतर त्यात तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. नुसतं चालणं बहुतेकांना पुरेसं वाटतं. ते पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठता येणं मांड्यांवर अवलंबून असतं.

चार्ज देण्याची तयारी १३ महिने आधी सुरू व्हावी. तीन महिने पुरतात असं वरिष्ठ म्हणतील, पण तीन महिन्यांत रोजची आणि महिन्याची कामं दिसतात, वर्षातून एकदाची दिसत नाहीत. परवान्याचं नूतनीकरण, वार्षिक हिशेब, एखाद्या यंत्राची सर्व्हिसिंग: ही यादी कॅलेंडरवर मांडायची आणि प्रत्येक काम त्या वर्षी नव्या माणसाच्या हातून करून घ्यायचं, आपण शेजारी बसून. यादीत ‘काय करायचं’च्या बाजूला ‘का करायचं’ हा रकाना हवाच. कारण ठाऊक नसलेली पायरी नवा माणूस सहा महिन्यांत गाळतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

पैसा पुरला तरी दिवस खायला उठतो, याची दखल फार थोडे घेतात. त्याला रंगीत तालीम हवी. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पाच-सहा आठवड्यांची सलग रजा काढून घरीच राहायचं, प्रवासाला जायचं नाही, आणि खर्च अपेक्षित पेन्शनमध्ये भागवायचा. पहिला आठवडा सुट्टीचाच वाटतो. खरं काय ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी अकराला कळतं. घरात बसायची स्वतःची जागा कोणती, जोडीदाराचा ठरलेला दिनक्रम कुठे मोडतो, ऑफिसबाहेरचे किती जण फोन करतात, हे तेव्हा दिसतं. कमी पडेल ते भरायला दोन वर्षं हाताशी असतात. तुझ्यापुरतं म्हणशील तर कामाशी संबंध नसलेली एक आवड आणि तिच्यातली दोन-चार माणसं आत्तापासून जप. साठीत नव्याने मैत्री जमते, पण वेळ फार घेते.

एकरकमी पैसे हातात येतात तेव्हा नातेवाईक, विमा विकणारे आणि जमिनीचे दलाल यांची रीघ लागते. तेव्हा एकच शिस्त: पहिले सहा महिने काहीही ठरवायचं नाही. कराच्या मुदती तेवढ्या पाळायच्या, बाकी रक्कम साध्या ठेवीत पडू द्यायची. एकरकमी आणि मासिक यांत निवड असेल तर भागाकार कर: १२० एकदम की महिन्याला १, म्हणजे दहा वर्षांवर बरोबरी. पण सही करण्याआधी विचार की पेन्शन घेणारा गेल्यावर जोडीदाराला किती टक्के चालू राहतं. मोठ्या दिसणाऱ्या मासिक रकमेच्या मागे जोडीदारासाठी पुष्कळदा शून्य असतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी हमखास राहते. बँक, विमा, कर, पेन्शन या सगळ्यांना ऑफिसचा ईमेल किंवा ऑफिसने दिलेला मोबाइल नंबर जोडलेला असतो. शेवटच्या हजेरीच्या रात्री ईमेल बंद होतो, सिम परत जातं, आणि ओटीपी कुठेच येत नाही. तू हे आजच तपास, नोकरी बदलतानाही हेच होतं.

वही सुरू केलीस की पहिल्या तीन महिन्यांचे आकडे पाठव. पाठवताना चौथा कप्पा आधी भर. तो रिकामा असेल तर बाकीचे मी बघणार नाही.

तुझा हितचिंतक