तिरळेपणाचं ऑपरेशन, इन्शुरन्सवाल्यांचा फोन आणि आमचे गेलेले सात महिने (नागपूर)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागली नाही मला. पाच वर्षांचा मुलगा, संध्याकाळी थकला की डावा डोळा बाहेरच्या बाजूला जातो, उन्हात गेला की एक डोळा मिटून घेतो, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, सासूबाई म्हणतात तिरळा डोळा भाग्याचा असतो, आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की इन्शुरन्सवाल्यांचा फोन येणार आहे, 'आम्ही सांगू की शाळेत पोरं चिडवतात म्हणून करतोय'. बाकी सगळं ठीक आहे, पण हे वाक्य फोनवर बोलू नका हो. आमच्या घरून असंच एक वाक्य गेलं आणि पोरीचं ऑपरेशन सात महिने लांबलं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, इन्शुरन्समधली पण नाही. आमची नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती, तुमची वेगळी असेल तर अटी वेगळ्या असतील, स्वतः वाचून घ्या. चष्मा, पट्टी, औषध घालून नंबर काढणं हे तुमचं झालेलं दिसतं म्हणून त्यात जात नाही.

आमचं २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत ठरलं होतं. पोरगी तेव्हा साडेपाचची. तीन दिवस आधी नवऱ्याला फोन आला, तो ऑफिसात, मीटिंगच्या मधात. पलीकडच्या मुलीने अगदी गोड आवाजात विचारलं, सर, बेबीला दिसायला काही त्रास आहे का? हा म्हणाला, नाही नाही, दोन्ही डोळ्यांनी सहा बाय सहा दिसतं, पण मुलीची जात आहे, पुढे जाऊन बरं दिसत नाही ना. बस. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅशलेस नामंजूर, कारण एका शब्दात, कॉस्मेटिक. कॉल रेकॉर्ड झाला होता आणि नंतर प्रत्येक पत्रात तेच वाक्य आमच्या तोंडावर मारलं, 'पालकांनी स्वतः सांगितल्यानुसार'.

नवऱ्याला मी तेव्हा खूप बोलले, आता वाटतं बोलायला नको होतं, कारण आम्ही दोघंही घरात हेच बोलत होतो. आजी बोलायची, शेजारच्या काकू बोलायच्या. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नीट समजावलं होतं की एकेका डोळ्याची नजर चांगली असली तरी दोन्ही डोळे एका जागी बघत नसतील तर मेंदू बाहेर गेलेल्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो, आणि मग खोली कळत नाही, म्हणजे वस्तू किती पुढे किती मागे ते. ते मापायची एक माशीच्या चित्राची टेस्ट असते, खास चष्मा लावला की माशी कागदातून वर आल्यासारखी दिसते आणि मुलाला सांगतात तिचे पंख चिमटीत धर. ऑक्टोबरमध्ये आमच्या पोरीने कागदाच्या दोन बोटं वर हवेत चिमटी धरली होती. एप्रिलमध्ये तिची बोटं सरळ कागदावर टेकली. मी शेजारीच बसले होते, डॉक्टर काही बोलायच्या आधी मला कळलं.

डॉक्टर म्हणाले हे उशिरामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, काही मुलांचं वर्षानुवर्षं तसंच राहतं, काहींचं वाढतं. म्हणून तुम्हाला घाबरवत नाहीये, आणि ताबडतोब ऑपरेशन करा असंही म्हणत नाहीये, डोळा दिवसातून किती वेळ बाहेर असतो आणि मूल तो स्वतः जागेवर आणू शकतं का हे बघून डॉक्टर ठरवतात. पण आमचं ठरलेलं ऑपरेशन एका शब्दासाठी थांबलं याचं दुःख मला अजून आहे.

आता त्या इन्शुरन्सच्या ऑफिसबद्दल. नाव घेत नाही. चार चकरा मारल्या मी गाडीवर, दोन वेळा पोरीला मागे बसवून. पहिल्या वेळी सांगितलं साहेब सुट्टीवर. दुसऱ्या वेळी एकाने फाईल न उघडताच सांगितलं, मॅडम, डोळ्याचं आहे तर नंबर साडेसातच्या वर पाहिजे. अहो तो नियम चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनसाठी आहे, पॉलिसीत कशाचे पैसे देत नाहीत त्या यादीत कोड १५ खाली लिहिलंय, तिरळेपणाशी त्याचा काय संबंध! तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मी मान हलवून परत आले. तिसऱ्या वेळी म्हणाले जन्मापासून असेल तर तसंही बसत नाही. चौथ्या वेळी म्हणाले मेल करा. पण सगळ्यात जास्त राग मला याचा आहे की चार चकरांमध्ये एकाही माणसाने हे सांगितलं नाही की कॅशलेस नामंजूर होणं म्हणजे क्लेम नामंजूर होणं नव्हे. स्वतःचे पैसे भरून ऑपरेशन करायचं, बिलं आणि कागद लावून नंतर परताव्याचा क्लेम टाकायचा, हा रस्ता उघडाच होता. आम्हाला वाटलं विषयच संपला, आता आधी मंजुरी मिळवायची आणि मगच ऑपरेशन. पैशाची सोय दिवाळीतही झाली असती, माझ्या भावाने देतो म्हटलं होतं, मीच म्हटलं हक्काचे पैसे का सोडायचे. हीच आमची सगळ्यात मोठी चूक, फोनपेक्षाही मोठी.

मार्चमध्ये वर्गशिक्षिकेने बोलावून सांगितलं की आता सकाळच्या तासाला पण डोळा बाहेर जातो. तेव्हा मी सगळं सोडलं, भावाचे पैसे घेतले आणि २०२३ च्या मे महिन्यात ऑपरेशन केलं. डोळा किती बाहेर जातो ते प्रिझममध्ये मोजतात, ऑक्टोबरमध्ये लांबचं बघताना ३० प्रिझम आलं होतं, मे मध्ये ३५. मोजायच्या आधी एक डोळा तासभर झाकून ठेवला होता, कारण मूल ताजंतवानं असलं की डोळा धरून ठेवतं आणि माप कमी येतं. तुमचं माप जुनं असेल तर ऑपरेशनच्या आधी परत मोजा म्हणून नक्की सांगा, जवळचं आणि लांबचं दोन्ही, कारण स्नायू किती मिलिमीटर मागे न्यायचा ते त्याच आकड्यावर ठरतं.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोळा बाहेर काढत नाहीत, हे आजीला दहा वेळा सांगावं लागलं. पूर्ण भूल देतात, आमच्या वेळी दोन्ही डोळ्यांचे बाहेरच्या बाजूचे स्नायू मागे नेले, टाके आपोआप विरघळतात, संध्याकाळी घरी. त्या दिवशी उलट्या खूप झाल्या, या ऑपरेशननंतर होतात म्हणे, आधीच सांगून ठेवलं तर भूलवाले डॉक्टर औषध देतात. पहिले पाच-सहा दिवस डोळे थोडे आत आल्यासारखे दिसत होते आणि पोरगी म्हणायची दोन आई दिसतात. मला रडू आलं होतं, पण सुरुवातीला थोडं आत येणं डॉक्टरांना हवंच असतं, हळूहळू बाहेर सरकून जागेवर येतं. लाली तीन आठवडे होती.

पुन्हा बाहेर जाऊ शकतो हेही मनात धरून चला. अमेरिकेतला एक अभ्यास २०१९ ला छापून आला, त्यात आमच्यासारख्या पद्धतीने केलेल्या मुलांपैकी ४६ टक्के आणि एकाच डोळ्याचे दोन स्नायू धरून केलेल्यांपैकी ३७ टक्के मुलांचा निकाल तीन वर्षांत मनासारखा राहिला नव्हता. आमच्याकडे ताप आला की अजूनही किंचित बाहेर जातो, डॉक्टर म्हणाले चालेल. माशीचे पंख तीन महिन्यांनी तिने परत हवेत धरले.

पैसे मिळाले का, तर हो, पण डॉक्टरांच्या पत्रामुळे. कॉस्मेटिकवाल्या अटीत, त्याच यादीतला कोड ०८ आहे तो, अपघात, भाजणं, कॅन्सर वगैरे अपवाद दिलेले असतात, मी त्यात बसवायची खटपट करत होते. डॉक्टर म्हणाले अपवादात कशाला जायचं, हे कॉस्मेटिक नाहीच, दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम बिघडलंय त्याचा हा उपचार आहे. त्यांनी पत्रात प्रिझमची दोन्ही तारखांची मापं, माशीच्या टेस्टचा निकाल आधीचा आणि नंतरचा, आणि त्रास साडेतीन वर्षांच्या वयात सुरू झाला हे लिहून दिलं (ते खरंच होतं, तुमचं जन्मापासून असेल तर खोटं लिहून घेऊ नका, उलट अडकाल). जुने वाढदिवसाचे फोटो जोडले, त्यात डोळे सरळ दिसतात. तक्रार कंपनीच्या ग्रिव्हन्स अधिकाऱ्याकडे लेखी टाकली, एजंटाकडे नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही, वकील लागत नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

तर तुम्ही आजच करायचं म्हणजे माशीच्या टेस्टचा निकाल फाईलमध्ये लिहिलाय का बघा, नसेल तर लिहून घ्या. प्री-ऑथच्या, म्हणजे कॅशलेसची आधी मंजुरी मागायच्या, फॉर्मवर सही करायच्या आधी हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलाने काय भरलंय ते वाचा. फोन तुम्हीच उचला, डॉक्टरांचा कागद समोर ठेवा आणि तेच वाचा की 'मुलाचे दोन्ही डोळे एकत्र काम करत नाहीत, खोली कमी कळते, डॉक्टरांनी उपचार म्हणून सांगितलंय'. पोरं चिडवतात हे खरं असेल, त्याचं दुःख मला कळतं, पण ते आपल्या माणसांजवळ बोला. पैशाची सोय होत असेल तर मंजुरीसाठी तारीख हलवू नका, पॉलिसीत डोळ्यांच्या आजारांना वेटिंग पिरियड आहे का तेवढं मात्र आधी बघून घ्या, कारण मग परतावा पण मिळत नाही. आणि पैशाची सोय नसेल तर मेडिकलला नाहीतर मेयोला, म्हणजे नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलांत, डोळ्यांच्या विभागात एकदा दाखवा, सरकारी योजनेत बसतं का तेही तिथेच विचारता येईल.

अजून एक, सकाळचा पहिला नंबर मागा. सहा तास पोटात अन्न नको असतं आणि पाच वर्षांच्या पोराला दुपारपर्यंत उपाशी ठेवणं फार अवघड जातं. खोकला-सर्दी असेल तर तारीख जाईल या भीतीने लपवू नका, भूलवाल्या डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांच्या पत्राचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, नाव खोडून पाठवते.