पहिल्याच अर्ध्या तासात ऑल-इन: जायचं की पानं टाकायची?

सोलापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. विजापूर रोडला दर रविवारी तुम्ही नऊ जण पोकर खेळायला बसता, प्रत्येकाला १०,००० चिप्स, ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी भरायच्या चिप्स) ५०-१०० पासून सुरू आणि चिप्स संपल्या की माणूस बाहेर. पहिल्या तिघांना ५०, ३० आणि २० गुण, आणि गड्ड्याच्या जत्रेपर्यंत ज्याचे गुण जास्त त्याला सगळ्यांकडून एक चादर. पैसे लावत नाही हे फार बरं करता. ते तसंच राहू दे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहेच, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. गुणांवर खेळलं तरी डोकं तेवढंच लागतं.

आता मुद्द्याचं. राणीची जोडी हातात आहे आणि समोरच्याने पहिल्याच फेरीत सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, म्हणजे ऑल-इन गेला. तू विचारतोस, एवढी चांगली पानं टाकायची कशी?

तुम्ही सगळे तीन पत्तीवर वाढलेले, त्यामुळे ही अडचण येते. तीन पत्तीत वाटलेली तीन पानं म्हणजे तुझा पूर्ण डाव. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, आली की ती शेवटपर्यंत ट्रेलच. पोकरमध्ये हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांसाठी अजून पाच पानं उघडायची असतात. म्हणून ‘माझी पानं किती भारी’ एवढ्याने काही ठरत नाही. ठरतं ते दोन गोष्टींनी: समोरचा कोणकोणत्या पानांवर हे करेल, आणि त्या सगळ्या पानांविरुद्ध मला शंभरात किती वेळा जिंकायला हवं.

आधी दुसरी गोष्ट. नुसत्या चिप्स पाहिल्या तर १०,००० घालून १०,००० जिंकायच्या, म्हणजे शंभरात पन्नास वेळा जिंकलं तरी भागतं. पण तुम्हाला चिप्स नकोत, गुण हवेत. एकूण १०० गुण, नऊ जण सारखे, म्हणजे बसतानाच तुझा वाटा ११.१ गुणांचा. आता समज, तू जिंकलास. ९०,००० पैकी २०,००० तुझ्याकडे आणि आठ जण उरले. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरली तर २२.२ टक्के, त्याच हिशोबाने दुसरा येण्याची १९.४ आणि तिसरा येण्याची १६.७. ५०, ३० आणि २० ला त्या-त्या टक्क्याने गुणून बेरीज कर: साधारण २०.३ गुण. चिप्स दुप्पट झाल्या, गुण दुप्पट झाले नाहीत. हरलास तर शून्य. ११.१ ला २०.३ ने भाग, ५५ टक्के येतात. तुमच्या या खेळात सगळं पणाला लावून कॉल करायला, म्हणजे समोरच्याएवढ्या चिप्स घालायला, पन्नास पुरत नाहीत, पंचावन्न लागतात. परत चिप्स घ्यायची मुभा असती तर हा आकडा पन्नासच्या जवळ आला असता.

आता समोरच्याची पानं. हे मोजायला शिकच. कुठलीही जोडी ६ प्रकारे येते, एक्का-राजा १६ प्रकारे. सावध खेळणारा माणूस पहिल्याच फेरीत १०,००० ढकलतो ते बहुतेक एक्क्याची जोडी, राजाची जोडी किंवा एक्का-राजा यांवरच. तुझ्या राण्या पहिल्या दोन जोड्यांविरुद्ध शंभरात अठरा-एकोणीस वेळा जिंकतात, एक्का-राजाविरुद्ध ५६ च्या आसपास. म्हणजे १२ प्रकारांत तू पार मागे, १६ प्रकारांत थोडा पुढे. सरासरी साधारण ४०. राण्या टाक, हळहळू नकोस.

पण हाच डाव त्या टेबलावरच्या उतावळ्या माणसाने केला, जो दश्शीची, गुलामाची जोडी आणि एक्का-राणीवरही ढकलतो, तर त्याच राण्या ५५ ला पोचतात. म्हणजे अगदी काठावर. तिथे मला कॉल मान्य आहे.

एक्का-राजा दिसायला देखणा, पण सावध माणसाच्या ऑल-इनला तो ४० च्या आतच राहतो. शिवाय फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर, त्याची जोडी तीनातून साधारण एकदाच लागते. राजाची जोडी मात्र टाकू नकोस. आठ जणांपैकी कुणाकडे एक्क्याची जोडी असण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के. सावध माणसाच्या त्याच पानांत राणीची जोडी धरली तर राजे ५७ च्या आसपास जिंकतात.

आता तूच ढकलणार असशील तर. राण्यांवर १०,००० ढकलल्यास मध्ये पडलेत फक्त ब्लाइंडचे १५०. तुझ्यापेक्षा हलकी पानं सगळी पळतात आणि भारी तेवढी थांबतात. त्यापेक्षा बोली वाढवून ३०० चा रेझ कर, म्हणजे नव्व्याची जोडी, एक्का-गुलाम असे लोक मागे येतात. तुमच्याकडे बरेच जण नुसते १०० भरून आत येतात. तेव्हा अशा प्रत्येकामागे आणखी १०० वाढव. हे एक्क्याच्या जोडीला तर फारच लागू. एकाविरुद्ध ती ८५ टक्के जिंकते, दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६. गर्दी झाली की एक्केही साधे होतात, म्हणून रेझ मोठा हवा.

फ्लॉप उघडल्यावर एक ओळखून ठेव. हातात दोन अठ्ठ्या आणि खाली बदाम गुलाम, बदाम अठ्ठी, इस्पिक चौकी: तीन अठ्ठ्या झाल्या. समोरचा दोन बदाम धरून रंगाची, म्हणजे पाचव्या बदामाची, वाट बघत असला तरी तू चारात तीनदा जिंकतोस. इथे सगळं जाऊ दे. पण नुसत्या एका जोडीवर, अगदी एक्का-राजातल्या राजाची जोडी लागली तरी, पहिल्या तासात शंभर मोठे ब्लाइंड, म्हणजे सगळ्या १०,००० चिप्स, घालवायचे नाहीत. कुणी रेझवर रेझ करत असेल तर त्याच्याकडे बहुतेक दोन जोड्या किंवा त्यावरचं काहीतरी असतं.

आणि ‘कॉल’ म्हणण्याआधी ‘किती आहेत?’ विचारून समोरच्याच्या चिप्स मोजून घे. तोंडातून गेलेला शब्द मागे घेता येत नाही. त्याच्याकडे १,५०० च उरल्या असतील तर तुझाही धोका १,५०० चाच. तेवढ्या चिप्सवर तो कितीतरी हलकी पानं ढकलतो, मग राण्या आनंदाने उघड.

पुढच्या रविवारपासून एक छोटी वही जवळ ठेव. कुणी ऑल-इन गेला आणि पानं उघडली की, तू त्या डावात नसलास तरी, घरी जाऊन लिही: कोण, किती चिप्स असताना, कुठल्या पानांवर. कोण सावध आणि कोण उतावळा, हे चार-पाच रविवारांत कागदावर दिसेल. वही घेऊन अशोक चौकात ये, आपण एकेकाचा हिशोब मांडू.

तुझा,
अण्णा