मुलगी मराठी हिंदू, मुलगा ख्रिश्चन. धर्म न बदलता इंदूरमध्ये लग्न कोणत्या कायद्याने?

विशेष विवाह कायदा, 1954. मंदिरात फेरे घेऊन हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका; हिंदू-ख्रिश्चन जोडप्याचं तसं लग्न सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये रद्दबातल ठरवलंय.

दोघांनी मिळून जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. अडतं ते इथेच: नोटिशीच्या लगेच आधीचे निदान 30 दिवस दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. मुलगी पुण्याहून परवाच घरी आली असेल आणि मुलगाही बाहेरचा, तर आधार कार्डावर इंदूरचा पत्ता असून भागत नाही. नोटीस 30 दिवस फलकावर लागते, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. वैध हरकत नसेल तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिने उलटले की पुन्हा नवी नोटीस.

पुढे घटस्फोटाची वेळ आलीच तर तोही याच कायद्याने, कुटुंब न्यायालयात. अपवादात्मक हाल सोडले तर लग्नाला वर्ष होईपर्यंत अर्ज करता येत नाही. आणि हो, मुलगी एकत्र हिंदू कुटुंबातून विभक्त झाली असं कायदा धरतो, पण त्याने तिचा वडिलोपार्जित हिस्सा बुडत नाही.