झोपेत ठोके ४६, मग घाबरायचं का?

प्रश्न : वय २३. पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी वर्षभरापासून रोज पहाटे पळते, दिवसा वावरातलं काम असतंच. भावाने हातात घालायचं घड्याळ दिलं. त्यात रात्री ठोके ४६ दिसतात. मोबाइलवर वाचलं की ६० ते १०० नॉर्मल. आई म्हणते, पळणं सोड. काय करू?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पळत राहा. ६० ते १०० हा हिशेब जाग्या माणसाचा, निवांत बसलेलं असतानाचा. गाढ झोपेत व्हेगस ही मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस (मज्जातंतू) हृदयाला लगाम घालते आणि ठोके जागेपणीपेक्षा बरेच खाली येतात. निरोगी, अंगमेहनतीच्या तरुण बाईचे झोपेतले ठोके साधारण ४५ ते ६० च्या घरात असतात. रोज कसून पळणारीचे ४०-४२ पर्यंतही जातात. बाईचं हृदय आकाराने थोडं लहान, म्हणून तितक्याच तयारीच्या पुरुषापेक्षा दोन-चार ठोके जास्त.

पळण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं. ६० ठोके गुणिले ७० मिली म्हणजे मिनिटाला ४.२ लिटर. तेच ९० मिली फेकणाऱ्या हृदयाला ४६-४७ ठोके पुरतात.

तुमचा ४६ हा रात्रीचा सर्वांत खालचा आकडा आहे की सरासरी, हे आधी बघा. सर्वांत खालचा असेल तर सरासरी त्याहून जास्त असणार. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधा. ते कातडीवर उजेड टाकून मोजतं, त्यामुळे खाली गोंदण असेल किंवा बांगड्या त्याला ढकलत असतील तर वाट्टेल तो आकडा दाखवतं. खात्रीसाठी सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, अंगठ्याच्या मुळाशी मधली दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते.

एका रात्रीच्या आकड्याला फार किंमत देऊ नका. दोन-तीन आठवडे लिहून ठेवा. तुमचा नेहमीचा आकडा कळला की पुढचं सोपं. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत तो दोन-चारने चढतो, ते ठीक. उशिराचं भरपेट जेवण, दिवसभरात कमी पाणी, मे महिन्यात लाइन जाऊन कूलर बंद, यांनीही चढतो. अंगात ताप भरला तर दर डिग्री सेल्सिअसला साधारण दहाने. यातलं काहीच नसताना सलग तीन-चार रात्री सात-आठने जास्त राहिला, तर मात्र सराव हलका करा.

चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं किंवा चढावर नेहमीपेक्षा लवकर धाप, यातलं काही सोबत असेल तर ईसीजी काढा. बीपीच्या काही गोळ्या आणि थायरॉइड कमी असणं, यांनीही ठोके मंदावतात. तसं काही असल्यास डॉक्टरांना सांगा. आणि पराटीवर (कपाशीवर) फवारणी करून आल्यावर तोंडाला लाळ, दरदरून घाम, अंधुक दिसणं सुरू झालं, तर ती विषबाधा समजा, ठोके मोजत बसू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : आई ४४ वर्षांची, दिवसभर निंदण करते. तिचे ठोके झोपेतही ८२. इतकी मेहनत असून कमी का नाहीत?
— एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : वाकून तासन् तास केलेलं काम शरीर थकवतं, पण पळण्यासारखी हृदयाची तयारी करत नाही. तरीही झोपेत ८२ जास्तच आहेत. आपल्याकडे पहिला संशय रक्ताचा. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. आशाताईंना विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) बघा. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली म्हणजे कमी. सोबत थायरॉइड वाढलेलं नाही ना याची तपासणी आणि चंद्रपूर भागात सिकलसेलचीही (रक्ताचा आनुवंशिक आजार) करून घ्या, नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नका. गोळ्या दिल्याच, तर चहा त्यांच्या आधी-नंतर तासभर नको, लोह अंगी लागत नाही. वावरात लघवीची सोय नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, त्यानेही ठोके वाढतात. तेही आईला विचारा. आपणहून सांगणार नाही.