तंबाखू आणि कर्करोग प्रतिबंध या विषयात डॉक्टरने संशोधक म्हणून करिअर करावे का?

आपण विचारले आहे की, एमबीबीएसनंतर तंबाखू व कर्करोग प्रतिबंधाच्या संशोधनाकडे वळण्याची इच्छा आहे, परंतु घरचे आणि वरिष्ठ म्हणतात की त्यात डॉक्टरकी उरत नाही, नुसते फॉर्म भरणे होते. तर हे काम प्रत्यक्षात कसे असते? मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या वैद्यकशाखेत, एमडी केले असून गेली अठरा वर्षे याच विषयात काम करते आहे, त्यामुळे या आक्षेपाचे उत्तर मला मनापासून द्यावेसे वाटते.

फॉर्मचीच गोष्ट आधी सांगते. एमडीच्या प्रबंधासाठी मी एका तालुक्यातील गावांमध्ये घरोघरी सर्वेक्षण करत होते आणि माझ्या प्रश्नावलीत "आपण तंबाखूचे सेवन करता का?" असा सरळ प्रश्न होता. एका घरी ओट्यावर बसलेल्या आजींनी लगेच उत्तर दिले, "न्हाय बाई, आमच्यात बायका तंबाखू खात न्हाईत." मी "नाही"वर खूण केली आणि त्याच वेळी आतून असा उग्र वास आला की मला ठसका लागला. चुलीवरच्या तव्यावर सून तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजत होती. ती मशेरी होती. आजी ती दिवसातून चार वेळा हिरड्यांना लावत होत्या. पण त्या खोटे बोलत नव्हत्या, कारण त्यांच्या लेखी मशेरी ही दात घासण्याची वस्तू होती. टॉर्च लावून पाहिले, तर गालाच्या आतल्या बाजूस पांढरा, खरबरीत चट्टा दिसला; असे चट्टे पुढे कर्करोगात बदलू शकतात. त्या दिवसापर्यंत भरलेले फॉर्म बाजूला ठेवून मला जवळजवळ तीनशे घरे पुन्हा फिरावी लागली. या वेळी प्रश्न होता, "दात कशाने घासता आणि दिवसातून किती वेळा?"

वैद्यकीय शिक्षणात रुग्णाचा इतिहास घेण्याला आपण निदानाचा पाया मानतो. प्रतिबंधाच्या संशोधनात तोच इतिहास हजारो माणसांकडून, तितक्याच बारकाईने घ्यावा लागतो. डॉक्टरकी उरत नाही असे म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटते.

या क्षेत्राचा आरंभच अशा विचारपूस करण्यातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने वाढत होते आणि रिचर्ड डॉल या तरुण फिजिशियनचा संशय सुरुवातीला रस्त्यांच्या डांबरावर होता. त्यांनी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाबरोबर लंडनमधील वीस रुग्णालयांतील रुग्णांना त्यांच्या सवयी विचारल्या. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांमध्ये धूम्रपान न करणारे केवळ दोन निघाले, तर तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच पुरुषांमध्ये २७. फरक लहान दिसतो, कारण त्या काळी जवळजवळ सगळेच पुरुष सिगारेट ओढत, म्हणूनच "ओढता का?" एवढ्यावर न थांबता किती, कधीपासून, मध्ये सोडली होती का, हे सगळे विचारणे निर्णायक ठरले. हे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले. डॉल यांनी स्वतः तोपर्यंत सिगारेट सोडली होती. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचाच दीर्घ अभ्यास सुरू केला आणि त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ साली आले, तेव्हा डॉल नव्वदी ओलांडून गेले होते. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षे लवकर मरतो आणि तिशीत सोडणाऱ्याचा हा तोटा जवळजवळ पूर्ण टळतो, हे आपल्याला त्या चिकाटीमुळे माहीत आहे.

आपल्याकडचे कामही कमी मोलाचे नाही. दंतवैद्यक असलेल्या डॉ. फली मेहता यांच्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली होती. पुढे याच गटाने डॉ. प्रकाश गुप्ता यांच्यासह ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना समजावून सांगण्याचा प्रयोग केला आणि समजावल्याने सवय सुटते, तोंडातील कर्करोगपूर्व चट्टेही कमी होतात, हे १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून दाखवून दिले. मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो, कारण त्यात औषध नव्हते, यंत्र नव्हते.

महाराष्ट्रात हे काम आजही तितकेच निकडीचे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, पण तोंडात धरण्याची किंवा हिरड्यांना लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही तिशीतले रुग्ण गाल आतून कडक होऊन तोंड उघडत नाही म्हणून येतात.

मार्ग सांगायचा तर कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी हा सरळ रस्ता आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत किंवा तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करूनही येता येते. संख्याशास्त्र टाळता येत नाही. उत्पन्न खासगी व्यवसायापेक्षा कमी राहील, याची घरी आधीच स्पष्ट कल्पना द्यावी. निधीसाठी कितीही ओढाताण झाली तरी तंबाखू उद्योगाशी जोडलेल्या संस्थेचा पैसा घेऊ नये. एकदा घेतला की आपल्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

इंटर्नशिपमधील ग्रामीण पोस्टिंग बाकी असेल, तर पीएसएम (म्हणजेच कम्युनिटी मेडिसिन) विभागातील प्राध्यापकांना आणि नैतिकता समितीला विचारून एक छोटी वही सुरू करावी. ओपीडीत आलेल्या प्रत्येकाचे तोंड टॉर्चच्या उजेडात पाहावे, तोंड पुरेसे उघडते का हे कळण्यासाठी त्याची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का ते तपासावे, आणि तंबाखू हा शब्द न उच्चारता मशेरी, मावा, गुटखा, खर्रा, विडी अशी एकेक नावे घेऊन विचारावे. महिनाभराने ती वही चाळताना पुढे आणखी विचारावेसे वाटले, तर घरच्यांशी बोलायला आपल्याजवळ माझ्या उत्तरापेक्षा भक्कम आधार असेल.