एक बाटली, दोन डोकी

"डेंगीनंतर मुलीचे केस मूठमूठ जातायत. टक्कल पडेल का? आणि तिचं औषध भावाला चालेल का?" हा प्रश्न घेऊन आई दोन्ही मुलांसह आमच्याकडे समुपदेशनाला आली. मुलगी 23 वर्षांची, मुलगा 26 चा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आईने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत सकाळच्या आंघोळीनंतर गोळा केलेला केसांचा गुंता. "पोरीचं बघा. स्थळं बघायला घेतली आणि हे असं." मुलगा टोपी घालून गप्प बसलेला. त्याच्याबद्दल एकच वाक्य आलं, "ह्याचं काही नाही, हा बापावर गेलाय."

घरात तोवर बरंच काही करून झालं होतं. कांद्याचा रस, बायोटिनच्या गोळ्या, आणि मेडिकलवाल्याने दिलेली 5 टक्के मिनॉक्सिडिलची, म्हणजे टाळूला लावायच्या केसवाढीच्या औषधाची बाटली. ती दोघांनी मिळून वापरली. तिसऱ्या आठवड्यात दोघांचेही केस जास्त गळायला लागले, म्हणून बंद केली.

अशा वेळी पहिला प्रश्न केसांचा नसतो, तारखांचा असतो. गळती सुरू होण्याआधी दोन-तीन महिन्यांत काय घडलं? मुलीला ऑगस्टमध्ये डेंगी झाला होता, दवाखान्यात राहावं लागलं होतं. गळती सुरू झाली ऑक्टोबरच्या शेवटी. हिशोब जुळला. डोक्यावरचा एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमारीचं डाएट यापैकी काही झालं की एरवी वाढत राहिले असते असे बरेच केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तोवर ताप विसरला गेलेला असतो, मग दोष जातो शाम्पूवर.

आईची खरी भीती पिशवीतच होती. तिने एक केस उजेडात धरून टोकाची पांढरी गाठ दाखवली. "हे बघा, मुळासकट निघतोय. आता तिथे काय येणार?" ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती संपलेल्या केसाचं ते सुकलेलं बूड. केस तयार करणारी पिशवी कातडीच्या आत शाबूत राहते आणि तिथूनच नवा केस येतो. उलट अशी गाठ असणं हे या प्रकारच्या गळतीचं नेहमीचं लक्षण. मुलीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले केस लांब, एकसारखे जाड होते, तेही त्याच बाजूने बोलत होते.

मूठभर केस एकदम का येतात, याचं उत्तर धुण्याच्या वेळापत्रकात निघालं. गळतील या धास्तीने ती दहा-बारा दिवसांनी एकदा डोकं धूत होती. निरोगी माणसाचेही रोज 50 ते 100 केस जातात. वेणीत अडकलेले दहा दिवसांचे केस एका आंघोळीत हातात आले, तर कुणीही घाबरेल. त्यात रात्रभर तेल चोपडून ठेवल्याने कोंडा वाढला होता, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. खोबरेल तेल केसाची दांडी तुटण्यापासून वाचवतं, पण मुळाशी चाललेली गळती ते थांबवत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा साध्या शाम्पूने धुवायला आणि तेल लावायचंच तर धुण्याआधी तासभर, केसांच्या लांबीवर लावायला सांगितलं. कांद्याचा रस बंद. टाळू आधीच लाल झाली होती.

आता मुलगा. टोपी काढायला त्याला पाच मिनिटं लागली. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून रेषा मागे सरकलेली, भोवऱ्यावरचे केस बारीक आणि आखूड, मानेकडचे मात्र भरघोस. बाटली आणण्याआधी त्याचे केस गळताना कुणाला दिसलेच नव्हते, कारण अशा टकलात केस नुसते गळत नाहीत, दर फेरीत बारीक होत येतात. डीएचटी या हार्मोनला संवेदनशील असलेल्या पिशव्या हळूहळू आकसतात. घरात सगळी धावपळ जिचे केस आपोआप परत येणार होते तिच्यासाठी चालली होती, आणि ज्याच्याकडे वेळ कमी होता त्याला "बापावर गेलाय" म्हणून सोडून दिलं होतं. ("माझ्या माहेरी सगळ्यांचे दाट आहेत" असंही आईने बजावून सांगितलं. अनुवंश आई आणि वडील दोघांकडून येतो. एका बाजूची दाट डोकी हमी देत नाहीत.)

बाटली फसली ती या गोंधळामुळे. मुलीला तिची गरज नव्हती. मुलाला होती, पण तो आंघोळीनंतर ओल्या डोक्यावर, केसांवरून शिंपडून लगेच टोपी घालत होता. मिनॉक्सिडिल केसांना नाही, टाळूला लागायला हवं. कोरड्या डोक्यावर भांग पाडत पाडत, 1 मिली, दिवसातून दोनदा, आणि किमान चार तास पाणी नाही. हात धुवायचे. झोपण्याच्या बऱ्याच आधी लावायचं, नाहीतर उशीला लागून चेहऱ्यावर लव वाढते. 1 मिलीऐवजी 3 मिली ओतल्याने केस तिप्पट येत नाहीत. छातीत धडधड आणि चक्कर मात्र येऊ शकते. द्रावणाने खाज सुटली तर अनेकदा दोष त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो, तेव्हा डॉक्टर फोम देतात.

तिसऱ्या आठवड्यात वाढलेली गळती? ती औषध लागू पडत असल्याची खूण असू शकते. विश्रांतीतले जुने केस ढकलले जातात. दोन ते आठ आठवड्यांत हे होतं आणि थांबतं. नेमके इथेच बहुतेक जण बाटली फेकतात. निकाल चार ते सहा महिन्यांनी बघायचा. औषध सोडलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात, हेही सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

पाण्याचा विषय निघणारच होता. सोसायटीत टँकर येतो, त्यामुळे आईचा पक्का संशय त्यावर. डिसेंबर 2024-जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हाही आधी संशय पाण्यावरच गेला होता, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम हे मूलद्रव्य फार जास्त आढळलं आणि बोट रेशनच्या गव्हाकडे वळलं. पण तिथे गावंच्या गावं होती आणि दिवसांत घडलं होतं. एका घरात एकाचीच कपाळरेषा वर्षानुवर्षं मागे जात असेल तर टँकर निर्दोष. जड पाण्याने केस राठ होतात, टक्कल पडत नाही. हेल्मेटनेही नाही. घट्ट ओढून बांधलेल्या पोनीटेलने मात्र कानापुढचे आणि कपाळालगतचे केस जातात.

मुलाच्या मनात वेगळंच शिजत होतं. पाच महिन्यांत साखरपुडा, त्याआधी ट्रान्सप्लांट उरकायचं. आमच्या मते याहून वाईट मुहूर्त नाही. रोवलेले केस बहुधा महिन्याभरात गळतात, नवे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून फुटायला लागतात, पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. म्हणजे साखरपुड्याला तो अर्धवट उगवलेल्या अवस्थेत उभा राहील. शिवाय 26 व्या वर्षी रेषा अजून सरकतेय. पुढे रोवलेले केस टिकतील आणि मागचे स्वतःचे जातील. मानेमागचा साठाही ठरावीकच असतो.

डीएचटी कमी करणाऱ्या फिनास्टेराइड या गोळीबद्दल मित्रांनी "नामर्द होशील" म्हणून घाबरवलं होतं. रोज 1 मिलीग्रॅमच्या गोळीने कामेच्छा कमी होण्यासारख्या तक्रारी थोड्या जणांनाच होतात, बहुतेकांत गोळी थांबवल्यावर जातात, काहींनी त्या टिकून राहिल्याचं सांगितलं आहे. उदासी आली तरी डॉक्टरांना कळवायचं. गोळी चालू असताना रक्तदान नाही. मित्राच्या पाकिटातून सुरू करायची ही गोळी नव्हे, एवढं त्याला पटलं. "आधी सहा महिने फक्त बाटलीच लावतो," तो म्हणाला. त्वचारोगतज्ज्ञांनीही तेच ठरवलं.

मुलीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन नॉर्मल आलं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) कमी. हे वरचेवर दिसतं. साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ बरं दिसतं. डॉक्टरांनी लोह सुरू केलं, सोबत ताकीद: गोळीच्या तासभर आधी-नंतर चहा नाही. थायरॉइडची तपासणी बायोटिन बंद केल्यावर काही दिवसांनी करायला सांगितली, कारण जास्त मात्रेतलं बायोटिन तो रिपोर्ट चुकवू शकतं.

घरासाठी दोन गोष्टी ठरल्या. केस मोजणं, पिशवीत साठवणं बंद. त्याऐवजी महिन्याच्या 1 तारखेला त्याच खिडकीपाशी, त्याच भांगेचा एक फोटो. आणि "हिला कोण करणार" हे वाक्य मुलीसमोर उच्चारायचं नाही. आईला हे दुसरं जड गेलं. गोल चकतीसारखी चाई, टाळूवर पू किंवा चकाकणारा व्रण, भुवया जाणं, अनियमित पाळीसोबत चेहऱ्यावर केस, किंवा सहा महिन्यांनंतरही चालू राहिलेली गळती, यातलं काही दिसलं तर मात्र फोटोची वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

उठताना आईने विचारलं, "चकोट करून टाकला तर दाट येतील ना?" वस्तऱ्याने कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून खुंट जाड लागतो, कातडीतल्या पिशव्यांची संख्या तेवढीच. मुलगी पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, "बघ, मी सांगत होते."

चौथ्या महिन्यात मुलगा एकटा आला. फोटोंत वाढ दिसत नव्हती, सोडून द्यावं म्हणत होता. पहिला आणि चौथा फोटो शेजारी ठेवले: कपाळरेषा जिथल्या तिथे, भोवरा जेवढा होता तेवढाच. दोन वर्षं दर दिवाळीच्या फोटोत ती रेषा मागे जात होती, हे त्यानेच मोबाइल उघडून दाखवलं. बाटली चालू राहिली. फिनास्टेराइडचा निर्णय डॉक्टर सहाव्या महिन्यात घेतील.